शैलाचे कोरडे तांदूळ

कौसाबाई, अशी जवळ ये बाई. शैलाच्या तेराव्याला आलीस, फाटकापाशी उभी राहिलीस, हात जोडलेस आणि घोटभर पाणीही न घेता परत फिरलीस. असं करतात का? मी तुला हाक मारणार होते... मारली नाही. या दीड महिन्यात माझं सगळं असंच चाललंय. शैला झोपेतच गेली, असा धुळ्याहून शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला तेव्हा मी वांगी चिरत होते. निरोप ऐकून आले आणि उरलेली वांगी चिरली. अजून रडू आलेलं नाही. नणंद-भावजयीचं एवढं सख्य आणि हिच्या डोळ्यांत टिपूस नाही, असं बायका बोलतात. बोलू देत.

हे इतरही वाचतील, त्यांना सांगते, शैला माझी धाकटी नणंद. मी चौथी शिकलेली. लग्न होऊन पिंप्राळ्यात आले तेव्हा ती शाळेत होती. पुढं जळगावच्या कॉलेजात बी.ए.ला तिनं गुन्हेगारीशास्त्र घेतलं. वर्गात मुली दोनच. सासूबाई म्हणायच्या, "चोरांचा अभ्यास करणारीला कोण करून घेईल? उद्या ही मांजराचाही जबाब घेईल." शैला म्हणायची, "घेतला आई. दूध तूच उघडं ठेवलं होतंस." मी भाकरी थापायची आणि ती ओट्याला टेकून मोठ्यानं वाचायची... माणूस चोरी का करतो, साक्षीदार कसे चुकतात, संशय आधी गरिबावरच का जातो. जड जड शब्द मी तिच्याकडूनच वाचायला शिकले. मला वाटायचं, हे सगळं दुसऱ्यांच्या घरचं.

मग ऐन एप्रिलात माझं सोन्याचं कानातलं हरवलं. कौसाबाई, तू आमच्याकडे धुणंभांडी करायचीस. मी तुझंच नाव घेतलं, आणि तेही अगदी सहज. गल्लीतल्या आबांनी जुनी रीत काढली. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांनी मूठभर कच्चे तांदूळ चघळून थाळीत थुंकायचे, ज्याचे कोरडे निघतील तो चोर. अख्खी गल्ली अंगणात जमली. दूधवाल्याचे ओले, शेजारणीचे ओले, तुझे कोरडे. "मी काहीच नही लिधं, माय," एवढंच तू म्हणालीस.

तेवढ्यात शैला कॉलेजातून आली. सायकल भिंतीला लावली, काय चाललंय ते पाहिलं, मूठभर तांदूळ तोंडात टाकले, चघळले आणि थाळीत थुंकले. कोरडे ठणठणीत. "आबा, उन्हानं तोंड सुकतं, भीतीनंही सुकतं. चोरीनं सुकत नाही. आता मलाही चोर म्हणा."

आबा उठून गेले. तुझं काम मात्र सुटलंच. आणि शैलासाठी एरंडोलचं स्थळ जवळजवळ ठरलं होतं, तिथपर्यंत गोष्ट पोचली. मुलीच्या तोंडातलेही तांदूळ कोरडे निघाले म्हणे... त्यांनी नकार कळवला. शैलानं पुढं लग्न केलंच नाही. धुळ्याला निराधार बायकांच्या संस्थेत नोकरी धरली आणि तिथंच राहिली.

दिवाळीत मी उशी उसवली तर कापसात कानातलं सापडलं. मी फक्त शैलाला सांगितलं. ती रागावली नाही. "वहिनी, मला काय सांगता? कौसाबाईला सांगा." त्यानंतर धुळ्याहून आली की चपला काढता काढता पहिलं विचारायची, "सांगितलंत?" मी म्हणायची, सांगते. दहा वर्षं मी सांगते म्हणत राहिले. दोनदा तुझ्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परत फिरले. गेल्या महालक्ष्म्यांच्या सणालाही तिनं विचारलं. आता फाटक वाजलं की मी आतूनच "सांगते" म्हणून जाते, आणि दारात दुसरंच कुणीतरी असतं.

कौसाबाई, कानातलं तू घेतलं नव्हतंस. मला माहीत होतं, तरी मी गप्प राहिले. तुझी नात हे तुला वाचून दाखवील, पण कागदावर भागण्यासारखं हे नाही. त्या दिवशी जे जे अंगणात होते त्या सगळ्यांना मी बोलावणार आहे. आबा थकलेत, त्यांना खुर्चीत बसवून आणू. तुझ्यावर आळ घेतला त्यांच्यासमोर, तर बोलायचंही त्यांच्यासमोरच. दिवस तू सांग. पण लवकर ये, आणि या खेपेला फाटकापाशी थांबू नकोस.