रेस खाली येत नव्हती

हॉबर्ट मीडर कार्ब्युरेटर हातात आला की आधी कानाशी धरून हलवायचा. आतला फ्लोट मोकळा वाजतोय की अडकलाय, ते त्याला तेवढ्यावर कळायचं. मग स्टूल ओढून बसायचा आणि स्क्रू सोडवायला घ्यायचा. वेस्ट व्हर्जिनियातल्या आमच्या पीच फोर्कच्या खोऱ्यात कोणाचीही क्वाड बंद पडली, की ती ढकलत हॉबर्टच्या शेडपर्यंत न्यायची, हे ठरलेलं. क्वाड म्हणजे डोंगरात चालवायची चार जाड चाकांची, हँडलवाली गाडी. शिकारीला, सरपण आणायला, जंगलाच्या वाटांवरून नुसतं भटकायला आमच्याकडे तीच लागते. त्यातल्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्या फार नखरेल, आणि त्यांचे नखरे हॉबर्टइतके कोणाला समजत नसत.

खाण चालू होती तेव्हा तो खाणीतली यंत्रं दुरुस्त करायचा. खाण बंद झाल्यावर त्याने घरामागे शेड टाकली. मी गावातल्या पार्ट्सच्या दुकानात काउंटरवर होते, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तरी तो समोर उभा असायचा. जेट, गॅस्केट, प्लग. जुना प्लग खिशातून काढून मला दाखवायचा. "बघ, पांढरा पडलाय. हवा जास्त, पेट्रोल कमी. बिचारी तापून मरत होती." प्लग चॉकलेटी निघाला की खूश. मला त्यातलं फारसं कळत नसे, पण त्याचं बोलणं ऐकायला बरं वाटायचं. लग्न त्याने केलं नव्हतं. जवळचं माणूस म्हणून धाकटा भाऊ रॉस्को, त्याची बायको लोर्ना, आणि रविवारी त्यांच्याकडे घेवड्याची उसळ नि मक्याची पोळी. एवढाच त्याचा संसार.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी सप्टेंबरात रॉस्कोची क्वाड बिघडली. अंगठा थ्रॉटलवरून काढला तरी रेस खाली येईना. इंजिन तसंच ओरडत राहायचं आणि मग कधीतरी शांत व्हायचं. हॉबर्टने कार्ब्युरेटर खोलला, साफ केला, बारीक जेटमधून, म्हणजे पेट्रोल यायच्या भोकातून, तार फिरवली. गाडी दोन दिवस बरी चालली, मग पुन्हा तेच. दुसऱ्या शनिवारी त्याने आतली सुई एक खाच वर घेतली. तिसऱ्या शनिवारी मोठा जेट टाकला. आता पेट्रोल जास्त जात होतं, त्यामुळे आवाज सुधारला.

त्या तिसऱ्या शनिवारी मी शेडमध्येच होते. माझ्या नवऱ्याचं गवत कापायचं मशीन न्यायला गेले होते. रॉस्को म्हणत होता की हे कार्ब्युरेटरचं नसावं, हवा दुसरीकडूनच कुठून तरी शिरत असावी. कुठल्याशा मासिकात त्याने वाचलं होतं.

हॉबर्टने मान वर केली नाही. "तू चालव. ऐकायचं काम माझं."

"तसं नाही हॉब, एकदा दाब देऊन बघितलं असतं तर..."

"मासिकवाल्यांकडेच का नाही नेलीस मग?"

रॉस्को हसला. मीही हसले. दाब देऊन बघायचं म्हणजे इंजिनची तोंडं बंद करायची, हातपंपाने आत हवा भरायची आणि ती टिकते की गळते ते पाहायचं. अर्ध्या तासाचं काम. पंप शेडच्या भिंतीवर टांगलेला होता.

पुढे आठवडाभराने थंडी एकदम उतरली. थंड हवा दाट असते. तिच्याबरोबर पेट्रोलही जास्त लागतं, नाहीतर इंजिन तापतं. सकाळी रॉस्को वरच्या धारेवर गेला. तिथे सरळ वाट आहे, सगळे तिथे गाडी पळवतात. भरधाव असताना इंजिन जाम झालं आणि मागची चाकं जागच्या जागी थांबली. क्लच दाबायला वेळच मिळाला नाही. रॉस्को फेकला गेला आणि गाडी कोलांटी खाऊन त्याच्या कमरेवर आली.

खुबा तीन ठिकाणी मोडला. खिळे घालून जोडला, पण पाय आखूड राहिला. रॉस्को लाकडाच्या गिरणीत कामाला होता. ते काम सुटलं. त्याला शुद्ध आली तेव्हा हॉबर्ट खाटेशी बसलेला होता. रॉस्कोने पहिलं विचारलं ते गाडीचं. काय झालं होतं तिला?

हॉबर्ट म्हणाला, "पेट्रोलात ऑइल कमी पडलं असेल."

टू-स्ट्रोकला पेट्रोलातच ऑइल मिसळावं लागतं, ते कमी पडलं तर इंजिन जाम होतं, आणि मिश्रण रॉस्को स्वतः करायचा. सगळं जुळत होतं. हॉबर्टला तेव्हा तरी खरं काय ते माहीत नव्हतं. ते त्याला चार दिवसांनी कळलं, गाडी शेडमध्ये आणून उघडली तेव्हा. क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याचं, एका बाजूचं ऑइल सील कडक होऊन चिरलं होतं. तिथून हवा आत जात होती. जेट मोठा करून त्याने दुखणं झाकलं होतं फक्त.

हे मला कसं ठाऊक? तो सील घेऊन दुकानात आला होता. असंच दुसरं दे म्हणाला. मी दिलं. कुठल्या गाडीचं ते विचारलं नाही, कारण त्याच्या चेहऱ्यावरूनच समजलं. पुढच्या रविवारी चर्चच्या जेवणात सगळे बोलत होते की बिचाऱ्या रॉस्कोकडून ऑइल घालायचं राहिलं. हॉबर्ट समोर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी ताटात पाहिलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. दोघा भावांतली गोष्ट, आपण कशाला मधे पडा, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते सांगणं मला फार सोयीचं होतं.

त्यानंतर हॉबर्ट प्रत्येक गाडीला आधी दाब देऊन बघायला लागला. नुसता चोक अडकलेला असला तरी. लोक कुरकुरायचे, तो ऐकायचा नाही. रॉस्कोच्या घराचं छप्पर, पायऱ्यांचा कठडा, हिवाळ्याचं सरपण, सगळं त्याने अंगावर घेतलं. अकरा वर्षं. लोर्ना सगळ्यांना सांगायची, असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

अकराव्या वर्षी जूनमध्ये हॉबर्ट त्यांच्याकडे गेला असताना रॉस्को परसात गवत कापायच्या यंत्रासाठी पेट्रोल मिसळत होता. ऑइल मापात ओतलं, उजेडात धरून बघितलं, परत बाटलीत ओतलं, पुन्हा मोजलं. मग लोर्नाला हाक मारली. ती हात पुसत आली, माप बघितलं, "बरोबर आहे" म्हणाली, तेव्हा कुठे त्याने ते डब्यात घातलं. हॉबर्टने विचारलं, हे काय? लोर्ना म्हणाली, "त्या अपघातापासून असंच. मी बघितल्याशिवाय ओततच नाही."

हॉबर्ट त्या दिवशी न जेवता परतला. दोन दिवसांनी दुकानात येऊन माझ्यासमोर उभा राहिला. काही विकत घ्यायचं नव्हतं. म्हणाला, "तुला माहीत होतं ना?" मी हो म्हणाले. "मग तू बरोबर चल," तो म्हणाला. "मी मधेच कच खाल्ली तर तू सांग."

आम्ही गेलो तेव्हा दुपार होती. रॉस्को ओसरीत बसला होता, लोर्ना शेंगा सोलत होती. हॉबर्ट बसला नाही.

"रॉस्को, तुझं ऑइल बरोबर होतं. क्रँकचं सील गेलं होतं. तू म्हणत होतास ते खरं होतं, मीच कार्ब्युरेटर धरून बसलो."

"तुला कधी कळलं?"

"त्याच आठवड्यात."

रॉस्कोने मान रस्त्याकडे वळवली. मग हळू आवाजात बोलायला लागला. "मला आठवतं, हॉब. पहिलं माप ओतलं, तेवढ्यात फोन वाजला, आणि परत येऊन मी दुसरं माप न ओतताच झाकण लावलं. स्वच्छ आठवतं मला. फोन कोणाचा होता तेसुद्धा. म्हणजे हे काहीच झालं नव्हतं?"

हॉबर्ट पायरीवर बसला.

"सील गेलं ते मी समजून घेतलं असतं. गाड्या आहेत, होतं. आणि तू ऐकलं नाहीस, ते तर तू लहानपणापासूनच ऐकत नाहीस." रॉस्को काठीवर भार देऊन उठला. "भांडायचं नाही मला. पण आज तू घरी जा."

लोर्नाने आम्हा दोघांकडेही बघितलं नाही.

पुढच्या रविवारी हॉबर्टने चर्चमध्ये उभं राहून सगळ्यांसमोर सांगितलं. लोक भलेपणाने वागले. काहींनी पाठीवर हात ठेवला. त्याला ते सोसलं नाही, आणि तो तिथे जायचा बंद झाला. शेडही त्याने हळूहळू आवरती घेतली. रॉस्कोने महिन्याभराने त्याला जेवायला बोलावलं, आणि तो गेला. बोलणं पावसापाण्याचं, हरणांचं. लोर्नाने एकदा मला दुकानात सांगितलं की ऑइल मोजून झालं की रॉस्को अजूनही तिला हाक मारतो. आता सगळं माहीत असूनही. हे हॉबर्टला सांगू नकोस, म्हणाली. मी सांगितलं नाही.

दोन वर्षांनी रॉस्को आणि लोर्ना त्यांच्या लग्न झालेल्या मुलीकडे कॅरोलायनात राहायला गेली. सामानाच्या दोऱ्या हॉबर्टनेच बांधल्या. रॉस्को म्हणाला, "ये कधीतरी." हॉबर्ट म्हणाला, "येतो." अजून गेलेला नाही. रविवारी फोन करतो. लोर्ना उचलते, रॉस्कोला देते. टोमॅटो कसे आलेत, पाय काय म्हणतो, एवढं होतं, आणि मग दोघांपैकी एक जण म्हणतो, चल, ठेवतो.