ओटीत घातलेला कंद

माझी पुतणी सगळ्यांना सांगते की काकी ब्लॉग लिहिते. मी ब्लॉग लिहीत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. मी वहीत लिहिते. डोंगरात आई काय रांधायची, कोणता पाला कधी खुडायचा, कोणता कंद कसा खणायचा, एवढंच. पुतणी वहीच्या पानांचे फोटो काढते, घरी जाऊन टाइप करते आणि ब्लॉगवर टाकते. तिथं माझं नाव नाही. नाव नाही म्हणून तर मला लिहिता येतं.

हे मात्र मी तिला देणार नाही. हे वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे.

ब्लॉग फारसं कोणी वाचत नव्हतं. मला त्याचं काही नव्हतं, पण ती रोज उघडून बघायची आणि तिचं तोंड उतरायचं. संक्रांतीनंतर आमच्या कॉलनीत देवळाच्या हॉलमध्ये हळदीकुंकू होतं. जवळच्या खेड्यांतल्या लेकीसुनाही येतात. तिनं ठरवलं की तिथं स्पर्धा ठेवायची. ताटात डोंगरातल्या पाच वस्तू ठेवायच्या, सगळ्यांत जास्त ओळखेल तिला स्टीलचा डबा. उत्तरं ब्लॉगवर. म्हणजे प्रत्येकीला ब्लॉग उघडावाच लागेल. मोबाइल समोर धरला की ब्लॉग उघडतो तो काळापांढरा चौकोन तिनं हॉलच्या दारावर चिकटवला.

ताट मी मांडलं. सुकवलेली मोहाची फुलं, चारोळी, बर्टीचं धान्य, अंबाडीची बोंडं आणि एक कडू कंद. माझं माहेर काठी गावाच्या बाजूला, डोंगरात. कंद भावानं तिकडून पाठवला होता. साल काढली की दिसायला बटाट्यासारखाच. पण तसाच रांधून खाल्ला तर माणसाला उलट्या होतात, तोंड बधिर होतं, जास्त खाल्ला तर त्याहून वाईट. आई त्याच्या पातळ चकत्या करायची, त्यांना राख चोळायची आणि टोपलीत घालून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायची. मग उकडायची आणि ते पाणीही फेकून द्यायची. हे सगळं मी वहीत लिहिलं होतं. पुतणीनं त्यातलं अर्धंच ब्लॉगवर टाकलं.

"काकी, सगळं एकदाच टाकं ते बाया दुसरे दिन कसाले येतीन? आज कंद खणाचं टाकू, उकडावर कसा पिठूळ लागस ते टाकू. धुवाचं उद्या."

"आनि कोनी तसाच खाधा ते?"

"कोन खाई वं? एकच ते कंद शे, तो आपला ताटमा ऱ्हाई. आनि तुले इतली काळजी शे ते तूच सांग ना माईकवर. दोन शब्द."

मी हो म्हटलं. हो म्हटलं की समोरचं माणूस गप्प बसतं, म्हणून मी नेहमी हो म्हणते.

दुपारी हॉल भरला. तिनं माईक माझ्या हातात दिला. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. पहिला शब्द "कंद" होता, तो मला आठवत होता. तो बाहेर येईना. माईकमध्ये माझा श्वासच तेवढा ऐकू येत होता.

"बोल वं माय, आम्ही काय वाघ शेत?" पुढून एक जण म्हणाली.

"आवाज घर इसरी उनी वाटस!" मागून दुसरी म्हणाली.

सगळ्या हसल्या. वाईट मनानं नाही, पण हसल्या. मी माईक पुतणीला दिला आणि खाली बसले. तिनं स्पर्धा सांगितली, ब्लॉग सांगितला. कंदाचं सांगायचं काम माझं होतं.

जवळच्या कोरीट गावची एक नवी सून जिंकली. आमच्या कॉलनीत तिची मावशी राहते, तिच्याकडे आली होती. चार वस्तू तिनं ओळखल्या, कंद कोणालाच ओळखता आला नाही. बक्षीस माझ्या हातून द्यायचं होतं. मला बोलता आलं नव्हतं, म्हणून हातानं जेवढं करता येईल तेवढं मी जास्तच करत होते. हळदीकुंकू लावलं, डबा दिला, ओटी भरायला घेतली. आमच्या डोंगरात ही रीत नव्हती. मी ती सासूकडून शिकले, आणि शिकलेलं माणूस चुकू नये म्हणून जरा जास्तच करतं. सासू सांगायची, मांडलेलं ताट परत घरी न्यायचं नाही, ओटीत घालायचं. बोरं घातली, हरभरा घातला, मग ताटातलं एकेक. शेवटी कंद.

तिचा पदर खाली आला. ती हसली. "इतलं जड काय शे वं काकी?"

मी पण हसले. पदर सावरून दिला.

ताट घासताना माझ्या लक्षात आलं. ताट हातातून मोरीत पडलं. ओटीतलं कोणी टाकून देत नाही, घरी नेऊन रांधतात, घरातल्या सगळ्यांनी खायचं असतं. पुतणीनं त्या सुनेच्या मावशीकडून नंबर आणून फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मावशी म्हणाली, ती तर केव्हाच गेली, घरी सासू-सासरे लवकर जेवतात.

पुतणीनं स्कूटी काढली. रस्ताभर मला फक्त तिची पाठ दिसत होती. एखाद्या वळणावर पडलो असतो तरी मला कळलं नसतं. मनात एकच, त्या सुनेनं चूल पेटवली असेल का.

कोरीटला अंगणात तिची सासू शेंगा निवडत बसली होती. पुतणी स्कूटी लावत होती. मला एकटीलाच पुढे जावं लागलं.

"ओटीमा घालेल कंद माले वापस द्या," मी म्हटलं.

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. "ओटीनं वापस मांगाले उनी? आख्खा जलममा असं आयकं नही मी!"

आवाज ऐकून सून दारात आली. तिच्या हाताला पीठ होतं. "काकी, तो ते मी रांधी टाका. ब्लॉगवर पाहीसन रांधा, पिठूळ लागस लिखेल व्हतं. बाबानी खाधा बी."

खाटेवर तिचे सासरे बसले होते. गळ्याला हात लावून थुंकत होते. "घसामा काटा टोची ऱ्हायनात," ते म्हणाले.

तेव्हा मी ओरडले. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. चूळ भरा, पुढचा घास कोणी घेऊ नका, डॉक्टरला बोलवा. कंद कसला आहे, काय होतं, सगळं सांगितलं. सासऱ्यांनी दोनच फोडी खाल्ल्या होत्या, कडू लागला म्हणून ताट सारलं होतं. घरातलं बाकी कोणी जेवलं नव्हतं. थोड्याच वेळात त्यांना उलट्या सुरू झाल्या. मी घमेलं धरून बसले. म्हातारी त्यांची पाठ चोळत होती आणि माझ्याकडे न बघता बोलत होती.

"ओटी भरी का इख भरं वं बाई?"

विषच भरलं होतं मी. मी घमेलं धुऊन आणलं.

गावातला डॉक्टर आला. मी त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यानं इंजेक्शन दिलं, साखर-मिठाचं पाणी द्यायला सांगितलं, सकाळपर्यंत नजर ठेवा म्हणाला, उलट्या थांबल्या नाहीत तर नंदुरबारला न्या. त्या हळूहळू थांबल्या. दिवे लागले तेव्हा म्हातारबाबांनी चहा मागितला. मला रडू आलं, पण त्या घरात रडायचा मला काय हक्क, म्हणून मी गोठ्याकडे तोंड करून उभी राहिले.

निघताना पुतणीनं स्कूटी चालू करायच्या आधी उरलेलं अर्धं ब्लॉगवर टाकलं. मग तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. त्या दिवशी ब्लॉग इतक्या जणांनी उघडला होता, जितक्यांनी पूर्वी कधीच उघडला नव्हता. हॉलमधल्या बायकांनी बहिणींना पाठवला होता, जावांना पाठवला होता. हेच तर तिला हवं होतं.

सकाळी कोरीटहून फोन आला. मी हात पुसून मोबाइल घेतला.

"बाबा बरा शेतस. भाकर खाधी," सून म्हणाली. मग म्हातारीनं फोन घेतला. "काय वं, मोहाना फुलं तरी खावाले चालतस का? आतेच सांगी दे."

मी सांगितलं. फुलं, चारोळी, बर्टी, बोंडं, एकेक वस्तू कशी निवडायची, कशी रांधायची. ती मध्ये मध्ये हं म्हणत होती. माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही.

आता ब्लॉगवर सगळ्यांत वर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे की हा कंद धुतल्याशिवाय कोणी खायचा नाही. पण ज्यांनी त्या दुपारी अर्धंच वाचलं आणि परत उघडलं नाही, त्यांचं काय? खापर गावच्या बाजारात हे कंद विकायला येतात. विकणारीला माहीत असतं, पण घेणारीनं विचारलंच नाही तर? पुतणी म्हणते, वाचणाऱ्यांचे फक्त आकडे दिसतात, नावं नाही, गाव नाही. मी कोणाच्या दारात जाऊ?

फोन वाजला की अजून मी हातातलं काम टाकून आधी तो उचलते.