खाटेवर आडवे होणारे काका

माझ्या वडिलांसाठी, अण्णांसाठी, वृद्धाश्रम बघायला आमचे शेजारी काका सोबत यायचे. ते स्वतः एकटेच राहायचे. व्यवस्थापक सोयी सांगत असताना काका चपला काढून सरळ खाटेवर आडवे व्हायचे. मला लाज वाटायची. "हितं करमंल का, ते बघतो," म्हणायचे.

नेकनूरजवळच्या आश्रमात मात्र ते उठेचनात. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांशी त्यांचं कापसावरून भांडण जुंपलं होतं. "हेच घे," ते खुशीत म्हणाले, "हितली माणसं उलट बोलतेत. अण्णाला लई करमंल."

जायच्या दिवशी अण्णांची पिशवी काकांनीच गाडीत ठेवली, पण स्वतः बसले नाहीत.

"कावून रे, बसत न्हाईस?" अण्णांनी विचारलं.

"आलो तर माघारी यायला जमायचं न्हाई," म्हणत काकांनी गाडीचं दार लावलं.