नैनपूरचा थांबा

गढ्यातल्या आमच्या शेजारच्या काकांनी, उखडून टाकलेली जुनी छोटी लाइन, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, आपल्या खोलीतल्या टेबलावर छोट्या नमुन्यात पुन्हा मांडली आहे. रुळांखालच्या मातीसाठी ते आमच्याकडून चहाचा चोथा नेऊन वाळवतात. त्यांची वीतभर गाडी नैनपूरला मात्र वीस मिनिटं हलत नाही. खरी गाडीही तिथे तेवढीच थांबायची, आणि त्याच गावात दिलेली त्यांची बहीण डबा घेऊन फलाटावर यायची. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

काल कंटाळून मीच बटणाकडे हात नेला. म्हटलं, "चलो काका, सोडा आता गाडी."

त्यांनी माझं मनगट धरलं. रिकाम्या फलाटाकडे बघत म्हणाले, "थांब ना जी, ताई येऊन राहिली."