मान आखडलेला पंखा

"हात ढिल्ला सोड, मॅडम. काय चोरी केली का हातानं?"

दुकानात बसलं की आपा हे म्हणणारच. मनगट ओढून स्वतःच्या मांडीवर घ्यायची, अंगठ्याच्या बुडाशी दाबायची, तळव्याची हाडं एकमेकांवर चढवून बघायची आणि माप सांगायची. तुम्ही कधी दुकानात बसून काचेच्या बांगड्या भरून घेतल्या असतील तर तुम्हाला माहीत असेल, बहुतेक ठिकाणी माप आपल्यालाच विचारतात. आपा विचारायची नाही. कुणी आपणहून "दोन सहा" म्हटलं तर म्हणायची, "ते लग्नात असंल. आता दोन आठ."

नांदेडच्या इतवाऱ्यातली सगळी गल्ली तिला आपा म्हणायची म्हणून मीही म्हणायची. खरं तर ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान. ती मला मॅडम म्हणायची आणि बोलायची एकेरीत. मी अर्धापूरकडच्या एका आरोग्य केंद्रात औषधांच्या खिडकीवर आहे. नांदेडहून रोज बसनं जाऊन येऊन करते. परतताना आपाचं दुकान वाटेत लागायचं. नवरा वारल्यावर सासऱ्याचं ते दुकान तिनं हातात घेतलं होतं. एकच मुलगी, ती लातूरला दिलेली.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. आत तीन बायका बसल्या की चौथीनं पायरीवर थांबायचं. बायकांना बाह्या वर कराव्या लागतात म्हणून दाराला पडदा. त्या पडद्यानं वारं अडायचं आणि उन्हाळ्यात आत भट्टी व्हायची. खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेला एक टेबल फॅन होता. तो फिरायचा नाही, एकाच दिशेला वारा टाकायचा.

"आपा, दुरुस्त करून घे ना."

"मान आखडली त्याची. माझ्यावानी. आता या वयात कुठं मान फिरवंल?"

मग ती हातानंच त्याचं तोंड फिरवायची. कुणाकडे फिरवायचं ते तिचं तीच ठरवायची, आणि त्यावरून दुकानात भांडणं व्हायची. एकदा एका तरुण मुलीनं तक्रार केली, की ती आधी आली होती आणि वारा मात्र मागून आलेल्या काकूंना. आपा म्हणाली, "तुला गरमी उन्हाची हाय. घरी जाऊन सावलीत बस. हिची गरमी घरी पण हिच्यासंगंच जाते."

त्या काकूंनी मान खाली घातली. मला त्या वेळी ते कळलं नव्हतं.

कळलं ते एका एप्रिलमध्ये. आपानं बोलावलं होतं, "जयंतीच्या निळ्या ठेवल्यात बघ तुझ्यासाठी." चौथी बांगडी हातात चढत असताना माझ्या छातीतून वाफ निघाली. मानेवर, कानांमागे, केसांत. घाम फुटला. अशा वाफा मला आठ महिने येत होत्या आणि मी कुणाला बोलले नव्हते. आपाचा अंगठा माझ्या हातावर होता. ती थांबली. दुसऱ्या हातानं पंखा माझ्याकडे वळवला आणि माझा हात तसाच धरून ठेवला.

"थांब. घाई नको. येऊन जाऊ दे."

दोन-तीन मिनिटांत वाफ उतरली. तिनं पाचवी बांगडी उचलली.

"किती दिवस?"

"आठ महिने. तुला येतात?"

"मला? चौदा वर्षं झाली, मॅडम. पिशवी काढली तवापासून."

मला ती वाढवून सांगते आहे असं वाटलं. आपाला तशी सवय होती. लातूरची मुलगी रोज दहादा फोन करते असं सांगायची आणि फोन आठवड्यातून एकदा यायचा.

आता तुम्ही म्हणाल, बाई औषधांच्या खिडकीवर बसते आणि तिला हे ऐकून काही वाटलं नाही? नाही वाटलं. आमच्या भागात पिशवी काढणं ही इतकी साधी गोष्ट आहे. कंबर दुखते, पांढरं जातं, अंगावरून जास्त जातं, की काढून टाका. दोन लेकरं झाली, आता तिचं काय काम? खिडकीवर दर तिसऱ्या बाईच्या तोंडी ते असतं. दाढ काढली म्हणावं तसं सांगतात. ऐकून ऐकून तो शब्द माझ्या कानावर पडायचा, आत जायचा नाही.

मी माझं बघितलं. एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. पाळी जात आली होती, झोप नव्हती, सांधे धरत होते, आणि केंद्रात एका म्हातारीनं गोळ्यांची पट्टी फाडून मागितली म्हणून मी तिच्यावर ओरडले होते. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब, छातीची तपासणी, सोनोग्राफी, सगळं करून घेतलं, घरात कुणाला कॅन्सर आहे का विचारलं आणि मग इस्ट्रोजेनची जेल दिली. दंडाला लावायची. गर्भाशय जागेवर आहे म्हणून सोबत रात्री प्रोजेस्टेरॉनची गोळी. दर वर्षी येऊन दाखवायचं. नवरा म्हणाला, "गोळ्या खाऊन म्हातारपण थांबतं का?" मी म्हटलं, "थांबवायचं नाही. झोपायचं आहे." विषय संपला. महिनाभरात झोप लागायला लागली.

आपाला मी ते सांगितलं. सांगण्यासारखी तीच एक होती.

"अत्तरासारखं लावायचं? वास येतो का?"

"नाही. आणि वाळेपर्यंत तू तिथं हात लावायचा नाहीस."

"बघा! औषध पण मॅडमसारखंच. लांब ऱ्हा म्हणतंय."

तिचे उपाय वेगळे होते. ओढणीचं टोक माठात बुडवून मानेवर टाकायचं. सब्जा भिजवून प्यायचा. दुपारनंतर चहा बंद. तिखट कमी, आणि ते तिला सगळ्यात जड गेलं होतं. गल्ल्याखाली स्टीलच्या तांब्यात बर्फाचे खडे, मूठभर घेऊन मनगटांवर फिरवायचे आणि मग गिऱ्हाईकाचा हात धरायचा. बायका दचकायच्या. "थंड हात असला की बांगडी सरकती," असं ती त्यांना सांगायची. ते खोटं होतं.

एकदा तिनं विचारलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. ती लाखेच्या बांगड्यांवरची धूळ पुसत होती.

"मॅडम, ते दंडाचं मला चालंल का?"

मी घाईत होते. भाजी घ्यायची होती. म्हटलं, "तुझं होऊन गेलं की आता. चौदा वर्षं म्हणतेस. आता कशाला?"

"हाव. ते पण खरं हाय."

जाताना पर्समधली कॅल्शियमची एक पट्टी मी तिला दिली. रोज एक खा म्हटलं. तिनं ती दोन आठच्या डब्यात ठेवली. पुढच्या वेळी पाहिलं तर दोन गोळ्या कमी झाल्या होत्या.

एवढंच बोलणं झालं. मी ते नंतर बऱ्याचदा आठवून पाहिलं आहे. मिनिटभराचं असेल.

त्यानंतर दोन वर्षांनी, लग्नसराईत, आपा दुकानाच्या पायरीवरून पडली. पायरी एकच आहे, वीतभर उंचीची. पाय घसरला, तिनं उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. मला गल्लीतूनच फोन आला. मी पोचले तेव्हा ती पडद्याआड भिंतीला टेकून बसली होती, हात ओढणीत गुंडाळलेला. बांगड्या विकणाऱ्यांत फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. आपा म्हणाली, "मॅडम, हाड वाढलं माझं."

मी हसले. तीही हसली. मग रिक्षा केली.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि वय विचारलं. एकोणपन्नास ऐकून त्यांनी पुन्हा विचारलं. इतक्या साध्या पडण्यानं हाड असं मोडायला नको होतं, म्हणाले. प्लास्टर घातलं आणि हाडांच्या घनतेची तपासणी लिहून दिली. तो आकडा बघून त्यांनी आम्हाला बायकांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मी तिला माझ्याच डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"पाळी कधी थांबली?"

"पिशवी काढली तवा. तेहतीसची होते."

"नुसती पिशवी, की अंडाशयंही?"

आपानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.

"कागद हाय घरी," ती म्हणाली. "दवाखान्यानं दिला तवापासून कपाटात हाय."

दुसऱ्या दिवशी ती प्लास्टिकची पिशवी घेऊन आली. आत लग्नातला एक फोटो, मुलीचा जन्मदाखला आणि ऑपरेशनचं कार्ड. ज्या दवाखान्यात ते झालं तो कधीच बंद पडला होता. कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं, गर्भाशय आणि दोन्ही बाजूंची अंडाशयं. अक्षर स्वच्छ होतं. मला वाचायला पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. तेहतिसाव्या वर्षी दोन्ही अंडाशयं गेली म्हणजे त्याच दिवशी पाळी जायचं वय आलं. अशा बाईला, दुसरी अडचण नसेल तर, पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यायला हवे होते. हाडांसाठी, हृदयासाठी, वाफांसाठी. आता मध्ये सोळा वर्षं गेली, शिवाय रक्तदाब वाढलेला. या टप्प्यावर नव्यानं सुरू करण्यात फायद्यापेक्षा धोका जास्त. त्यांनी हाडांचं औषध लिहिलं, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, रोजचं चालणं. वाफांसाठी दुसरी एक छोटी गोळी.

ती गोळी मूळची उदासीच्या आजाराची. मी बाहेर आल्यावर तसं सांगितलं, कारण पाकिटावर वाचून कुणीतरी तिला सांगितलंच असतं.

"मला उदासी न्हाई."

"माहीत आहे. थोड्या डोसात वाफांवर चालते. यात हार्मोन नसतात."

ती दवाखान्याच्या बाकावर बसली. समोरच्या बाईचं मूल रडत होतं.

"म्हणजे तू दंडाला लावती ते मला तवा पाहिजे होतं."

"हो."

"आन् मी तुला इचारलं तवा?"

"तेव्हाही उशीरच झाला होता. पण हाडं तपासता आली असती. औषध दोन वर्षं आधी सुरू झालं असतं."

"मग हात मोडला नसता?"

"सांगता येत नाही."

"बरं," आपा म्हणाली.

माझ्या पर्समध्ये त्या वेळी जेलची ट्यूब होती. मी ती घरी जाऊन नेहमीच्या वेळी लावली. रडले वगैरे नाही. पोळ्या केल्या.

प्लास्टर निघालं तेव्हा मनगट थोडं वाकडं बसलं होतं. डॉक्टर म्हणाले, रोजच्या कामाला चालेल. रोजचं काम म्हणजे त्यांच्या मनात पाणी भरणं, भाकरी थापणं असेल. बांगडी भरायची तर डाव्या हातानं समोरच्या बाईची हाडं दाबून धरायची आणि उजव्या अंगठ्यानं काच पुढे ढकलायची असते. जोर लावायचा, पण मोडेल इतका नाही. तो जोर किती ते त्या अंगठ्यालाच ठाऊक असतं.

पहिला प्रयोग माझ्यावर झाला. मीच हात पुढे केला. तिनं दाबून पाहिलं, "दोन आठ," म्हणाली. ते बरोबर होतं. पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडकून फुटली. दुसरीही. तिसरी आत जाता जाता फुटली आणि माझ्या हातावर रक्ताची बारीक रेघ उठली.

"हात ढिल्ला सोड ना, मॅडम."

माझा हात ढिलाच होता. ते तिच्याही हाताला कळत होतं. तिनं हळद आणून लावली, तुकडे एका पुठ्ठ्यावर गोळा केले. नंतर पडदा बाजूला सारून बराच वेळ रस्त्याकडे बघत बसली. वाफा त्या गोळीनं कमी झाल्या होत्या. पंखा बंद होता.

दोन महिने तिनं दुकान नुसत्या विक्रीवर चालवलं. बायका डझन घेऊन घरी जायला तयार नव्हत्या. त्यांना भरून घ्यायच्या असत. शेवटी मुलगी लातूरहून येऊन तिला घेऊन गेली. माल एका व्यापाऱ्यानं उचलला. आता त्या जागेत मोबाइलची कव्हरं मिळतात. पडदा काढला आहे, आत भरपूर वारं येतं.

जायच्या दिवशी मी भेटायला गेले तर ती खिडकीच्या गजाची सुतळी डाव्या हातानं सोडत होती.

"हा तू ने."

"घरी आहे पंखा."

"घरी नको. तुझ्या खिडकीवर लाव."

मी तो बसमध्ये मांडीवर घेऊन अर्धापूरपर्यंत गेले. कंडक्टरनं त्याचं तिकीट काढायचं का विचारलं.

औषधांच्या खिडकीवर आता तो माझ्या टेबलावर असतो. मान तशीच आखडलेली. तोंड बाहेर, व्हरांड्यात रांगेत उभ्या बायकांकडे. माझ्या पाठीला घाम येतो, पण मला जेल आहे. कुणी पिशवी काढली म्हणालं की मी विचारते, किती वर्षांची होतीस? बाजूची अंडाशयंही काढली का? कागद आहे का घरी? असेल तर उद्या आण. रांग लांबते. मागच्या बायका बोलतात. आमचे डॉक्टर एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही गोळ्या द्या, तपासणी माझ्याकडे आहे." मी म्हटलं, तुमच्याकडेच पाठवते आहे. आतापर्यंत अकरा जणींनी कागद आणले. त्यातल्या चौघींची अंडाशयंही चाळिशीच्या आत काढलेली होती. चौघींना नांदेडला पाठवलं. दोघी गेल्या.

आपाचा फोन महिन्यातून एखाद्या वेळी येतो, दुपारी, खिडकी बंद करायच्या सुमारास. लातुरात पाणी कमी, नातू हट्टी, चालायला जाते, गोळी खाते. मी हाडांचं औषध आठवण करून देते. ती हाव म्हणते. मग तिचं ठरलेलं येतं.

"पंखा चालू हाय का?"

"आहे."

"तोंड कुणाकडं हाय?"

"बाहेर."

"हां," ती म्हणते, आणि फोन ठेवते.