झोळ्यांच्या दोऱ्या

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा अजून घोटाळा होतो, कोणी वाचलंच तर माफी असावी. वडील शाळेत पंतोजी होते, म्हणून चौथीपर्यंत कोपऱ्यात बसून शिकले. हे मी माझ्यापुरतंच लिहिते आहे.

विलायतेला आमच्या कापसाची गरज पडली तेव्हा अमरावतीत कधी नव्हे असा भाव आला. नवरा जाऊन मला दोन वर्षं झाली होती. लिहिता येतं म्हणून एका शेठने वखारीत कामाला ठेवलं, मागे राहायला खोली दिली. वलगावकडच्या आठ बायका कापूस निवडायला येत. पाचोळा काढायचा, किडका पिवळा कापूस, म्हणजे कवडी, वेगळी करायची. त्यांच्याकडून ते नीट करून घ्यायचं आणि वजन लिहायचं, हे माझं काम.

मला बोलायचं धाडसच होत नसे. निवडलेल्या कापसात कवडी दिसे, पण तोंड उघडत नसे. शेवटी कवडी निघाली म्हणून अकोल्याच्या आडतीवरून एक गाडी परत आली. चाळीस रुपये बुडाले. शेठ म्हणाला, "बाई, पाहायले तुमाले ठेवलं होतं. हे तुमच्या अंगावर. साफ गाडीमागं त्यातले पाच रुपये कमी करत जाईन. होळीपर्यंत नाही फिटले, तर खोली सोडा."

वखारीमागची ती खोली गेली असती तर मला तेल्हाऱ्याला दिराकडे जावं लागलं असतं. तिथे एक वर्ष काढलं होतं. त्याबद्दल लिहीत नाही.

मग मी दोन दिवस नुसती बघत बसले. बायकांची पाच लेकरं अंगणात लिंबाखाली झोळ्यांत असत. एक रडलं की आतून कोणाचं ते कळत नसे, म्हणून पाचही आयांच्या माना वर होत आणि त्यांच्याबरोबर बाकीच्या तिघींच्याही. आई जाऊन परत येई, पण बाकीच्यांचे हातही बराच वेळ रेंगाळत. कवडी तेव्हाच राहून जाई. मी भीत भीत विचारलं तर एक म्हणाली, "पोरगं रडलं का हात इथं अन् जीव तिथं. मंग कापूस दिसतेच कुठं?"

त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली, "तुमी रिकाम्या असता, पण तुमच्या हाती लेकरू कसं द्यावं? वाईट नका मानू, बाई."

वाईट मानण्यासारखं नवीन काही नव्हतं. विधवेच्या हाती तान्हं कोणी देत नाही. मी बाजारातून सुंभ आणलं, प्रत्येक झोळीला लांब दोरी बांधली आणि पाचही टोकं धरून दूर ओट्यावर बसले.

"हात तं नाही लागत?" म्हातारीने विचारलं.

"नाही."

"मंग झुलवा. दोरीले कायचा इटाळ!"

"पाच बैलाचा छकडाच हाकून राह्यल्या बाई!" दुसरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला कोणी पाहिलं नाही.

एखादं भुकेलं असलं की मी मुकाट्याने त्याच्याच आईपुढे जाऊन उभी राही. बाकीच्यांना मान वर करायचं कारण उरलं नाही. आठवडाभरात आत अशी शांतता झाली की वाळलेला पाचोळा मोडल्याचा आवाज ओट्यावर येई. मध्येच कोणी बोलायला लागली तर दुसरीच तिला दटावी, "थांब न वं, हात बसला आता."

दुपारी त्या घोळक्याने भाकर खात, मी ओट्यावर. लेकरांची तोंडं झोळीच्या कापडाआड असत, मी त्यांना झोळीवरूनच ओळखत असे. त्यातलं एक चालायला लागलं, तेव्हा ते कोणाचं हे मला विचारावं लागलं.

होळीच्या चार दिवस आधी आठव्या गाडीची चिठ्ठी अकोल्याहून आली. माल साफ. शेठने वहीत रेघ ओढली. म्हणाला, "फिटले तुमचे."

मी वही माझ्याकडे फिरवून स्वतः वाचली. चाळीसचे चाळीस रुपये फिटले होते.