भोवरेवाले भाऊ

भाऊ चहात साखर ढवळली की कप खाली ठेवत आणि फिरणारा चहा थांबेपर्यंत त्याकडे पाहत राहत. सासूबाई विचारत, "प्यायचा का नुसता बघायचा?" ते हसून गार चहाच पीत.

तारापूरला वीजघर बांधत होते, त्या सुमारास ते खाडीचं पाणी पाहायला मुंबईहून दातिवऱ्याला, आमच्या कोळीवाड्यात आले आणि दोन महिने आमच्या पडवीत राहिले. पृथ्वीभोवतीचे वारे, गुरू ग्रहावरची वादळं कशी फिरतात याचं गणित ते कार्डांना भोकं पाडून मांडत आणि मुंबईतल्या एका मोठ्या गणकयंत्राकडून करून घेत. यंत्रावर त्यांची पाळी आठवड्यातून एकदा येई. बाकीचे दिवस ते भरतीला खाडीच्या मुखाशी जाऊन पाणी पाहत.

मामंजींना ते समजावत, तेव्हा मी दाराआडून ऐके. वाऱ्याचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाने शेजाऱ्याची ओढ पाहून हलायचं. मामंजी म्हणाले, "म्हंजे वाऱ्यावर जालंच टाकलं तुमी." भाऊंनी ते वहीत लिहून घेतलं.

एकदा मुंबईहून ते तोंड पाडून परतले. यंत्राच्या कागदावर लहान भोवरे विरायच्या ऐवजी एकमेकांत मिसळून मोठे झाले होते. कार्डांना भोकं चुकीची पाडलीत, पुन्हा हेच आलं तर काम बंद, असं त्यांच्या साहेबांनी बजावलं होतं. दिवसभर त्यांनी कार्डं तपासली. चूक सापडेना. "पाणी असं वागत नाही," ते स्वतःशीच म्हणाले.

मी समोर बोंबील वाळत घालत होते. परक्या पुरुषाशी मी कधी बोलले नव्हते. पण ओहोटीला खडकामागे होडी का घालायची नाही, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक असतं. भाऊंनाही ठाऊक असेल, असंच सगळे धरून चालले होते. मी पाठमोरीच म्हणाले, "भाऊ, वागतं तसं. ओहोटीला खडकामागं बघा. बारके भोवरे जवळ आले का एक होतात."

ते ओहोटीला सूपभर कोंडा घेऊन गेले आणि तो खडकामागच्या पाण्यावर टाकून भोवरे पाहत बसले. गुडघाभर चिखलाने माखून परतले, ते लांबूनच मला हात जोडून आत गेले. पुढच्या पाळीला त्यांनी तीच कार्डं नेली, एकही न बदलता.

ते परत आले नाहीत. महिन्याभराने टपालाने एक मोठा कागद आला. आकडेच आकडे, आणि मधोमध त्या आकड्यांचाच एक मोठा भोवरा. मागे लिहिलं होतं, "वहिनी, कार्डं बरोबर होती. खाडीत पाहिलेलं सांगितलं, तेव्हा साहेबांनी काम चालू ठेवलं."

माझ्या नावाने आलेला तो पहिला कागद. अजूनही डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगायला जीभ रेटत नाही, तेव्हा मी पेटी उघडून तो पाहते. मग जाऊन सांगते.